होडीचे इंजिन, फियाट गाडी आणि खाडीचे पाणी यांबाबत

मी, दामाजी नामा कोळी, वय अंदाजे एकाहत्तर (शाळेच्या दाखल्यात एक वर्ष कमी आहे, पण मी आईचे म्हणणे खरे धरतो), धंदा पूर्वी मासेमारी, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे, हा कागद शुद्धीत असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला काळजी करण्याची सवय आहे, ती लहानपणापासूनची आहे, आणि डॉक्टरांनी लेखी दिले आहे की काळजी करणे म्हणजे भ्रम होणे नव्हे. तो दाखला सोबत जोडला आहे. टाचणी गंजेल म्हणून दोऱ्याने शिवला आहे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत. वकिलांनी नमुना दिला होता, त्यातले शब्द जिथे बसले तिथे घेतले, बाकीचे माझे आहेत. शुद्धलेखन शेजारच्या निवृत्त शिक्षिका कलावतीबाई ठाणेकर यांनी तपासले. मजकुराला त्यांनी हात लावलेला नाही. जिथे खाडाखोड आहे तिथे बाजूला मी सही केली आहे, ती मोजून नऊ ठिकाणी आहे.

मालमत्ता थोडी आहे आणि तिच्यावरून भांडण होईल असे वाटत नाही. खरे म्हणजे हा कागद मी कलम पाचसाठी लिहायला घेतला. माझे जावई श्री. गुणाजी जोमा भोईर यांच्या नावाला सात वर्षांपूर्वी माझ्यामुळे बट्टा लागला. तो पुसायचे मला आजपर्यंत धैर्य झाले नाही. तो पुसला गेल्याशिवाय बाकीची कलमे अमलात आणू नयेत.

कलम १. चेंदणीतल्या दोन खोल्या आणि पोटमाळा मुलगा पंढरी व सून गोदा यांना. मागच्या बाजूच्या कौलांची तिसरी ओळ गळते, हे दोघांनी वारशात मिळाले असे समजावे. पोटमाळ्याखालची लहान खोली मात्र मुलगी मंजुळा हिची, ती हयात असेतो. तिने राहावे किंवा कुलूप लावून जावे, तिला कोणी विचारू नये. गेली सात वर्षे ती माझ्याशी उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलते, म्हणून हे लिहावे लागते. खोलीची किल्ली देवघरात हळदीच्या डबीमागे आहे. पंढरीला माहीत आहे असे तो म्हणतो, पण विचारले की तो तांदळाच्या डब्यात शोधतो.

कलम २. पोस्टात असेल ते माझ्या दिवसकार्याला वापरून उरलेले नातवंडांना. माझी पत्नी जनाबाई १९९३ साली वारली. तिचे दागिने मंजुळा व गोदा यांनी समोरासमोर बसून सारखे वाटून घ्यावेत. वजन सोनाराकडे करावे, मासळी बाजारातल्या काट्यावर करू नये.

कलम ३. होडी खाडीच्या काठी पालथी आहे. तिच्या फळ्यांची बाकडी करावीत, होळीत घालू नयेत. जाळी गोमाजी हिरा नाखवा यास द्यावीत. हा माझा बाळपणापासूनचा सोबती आहे. १९७८ साली त्याने माझा नांगर दोन दिवसांसाठी नेला. नांगर मी त्याला माफ केला आहे. नांगराचा दोर नवीन होता, तो माफ केलेला नाही.

कलम ४. आता गाडी आणि तिच्यातले इंजिन. या दोन वस्तू वेगवेगळ्या घरच्या आहेत, म्हणून त्यांचा इतिहास लिहितो.

इंजिन मी १९७५ साली मुंबईला जहाजे तोडतात त्या दारुखान्यातून आणले. मोडीत काढलेल्या जहाजाच्या लाइफबोटीतले, तीन सिलिंडरचे जपानी डिझेल. अकरा वर्षे ते माझ्या होडीत चालले. १९८६ साल येईपर्यंत खाडीत जाळ्याला काळ्या गाळाशिवाय फारसे काही लागेना, तेव्हा होडी वर ओढली आणि इंजिन काढून पोत्याखाली झाकले. जनाबाई बाजारात मासळी विकत असे. तिला माल आता भाऊच्या धक्क्यावरून आणावा लागे. म्हणून मी एका मास्तरांची जुनी फियाट घेतली, बासष्ट सालची. तिचे इंजिन इतके थकलेले होते की टेंभी नाक्यावर गाडी थांबली की धुरात मागची रिक्षा दिसत नसे.

गुणाजी हा डोंबिवलीजवळच्या गावचा आगरी. त्याच्या बापआज्यांचे आयुष्य मिठागरात गेले. तो वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत टर्नर होता, मंजुळा तिथेच पॅकिंगला होती. १९८३ साली दोघांनी आम्हाला न विचारता लग्न केले. मी वर्षभर त्याचे नाव घेतले नाही. पुढे कंपनी बंद झाली आणि त्याने विठ्ठलवाडीला पत्र्याची शेड टाकून गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. फियाट घेतल्याचे कळल्यावर तो आपणहून आमच्याकडे आला. दारातून माझ्याकडे बघण्याआधी त्याने पोत्याकडे बघितले.

"मामा, हे इंजिन असं पोत्याखाली मरंल," तो म्हणाला. (सासऱ्याला आमच्यात मामा म्हणतात.) "गाडीत घालू."

मी म्हणालो, होडीचे इंजिन गाडीत जाते का कुठे. तो म्हणाला, जात नाही, घालावे लागते.

तो सगळा पावसाळा मी त्याच्या शेडमध्ये एका खोक्यावर बसून काढला. माझे इंजिन परक्या हातात एकटे सोडायचे नव्हते. जे बघितले ते मी इथे लिहून ठेवतो, कारण ते पुन्हा कोणी करील असे मला वाटत नाही.

पहिल्या दिवशी त्याने पाना हातात घेतला नाही. होडीच्या इंजिनाचा दांडा ज्या बाजूला फिरतो तिकडे खडूने बाण काढला, मग गाडीच्या जुन्या इंजिनावर तसाच बाण काढला. मी कारण विचारले. दोन्ही उलटसुलट निघाले तर गाडी चार गिअरमध्ये मागे जाईल आणि एका गिअरमध्ये पुढे, असे त्याने सांगितले. बाण एकाच बाजूचे निघाले. तरी मी आठवडाभर रोज जाऊन बाण बघत होतो.

मग इंजिनाची पाठ आणि गाडीच्या गिअरबॉक्सचे तोंड जुळेना. एकाची भोके एकीकडे, दुसऱ्याची दुसरीकडे. त्याने गिअरबॉक्सच्या तोंडावर वर्तमानपत्र ताणून धरले आणि ग्रीसचा अंगठा कडेकडेने दाबत नेला. कागदावर सगळी भोके उमटली, जणू त्या लोखंडाने स्वतःचा अंगठा दिला. तसाच दुसरा कागद इंजिनाचा. दोन्ही कागद एकावर एक ठेवून त्याने जाड लोखंडी पत्र्याची तबकडी आखली, जी मधे बसून दोघांना धरील. ती कातायला तो वागळे इस्टेटमध्ये त्याच्या जुन्या सोबत्याच्या लेथवर घेऊन गेला. मी बरोबर होतो. तबकडी बसवून त्याने तिला घड्याळासारखे एक माप लावले आणि दांडा हळूहळू फिरवला. काटा किंचित हलला. मला तो हललेला दिसलासुद्धा नाही. त्याने तबकडी काढली, पुन्हा कातली. पुन्हा हलला, पुन्हा काढली. चौथ्या वेळी काटा असा थांबला की मला वाटले माप बिघडले. मी तसे म्हणालो, तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यासमोर हसला.

बॉनेट बंद होईना. दुसऱ्या कोणी बॉनेटला भोक पाडून वर टोपी बसवली असती. याने इंजिनाखालचे तेलाचे भांडे कापून उथळ केले आणि सगळे इंजिन तीन बोटे खाली घेतले. इंजिन जड म्हणून पुढच्या स्प्रिंगा जाड घातल्या. ते सावकाश फिरणारे म्हणून मागच्या आसातली दातेरी चाके बदलली, नाहीतर गाडी बैलगाडीच्या चालीने गेली असती. हादरा कमी व्हावा म्हणून ट्रकच्या रबरी गाद्या कापून खाली दिल्या. आरटीओत जाऊन नवा इंजिन नंबर बुकात चढवून आणला. ते बुक माझ्या उशीखाली आहे.

शेवटी पाण्याचे काम. होडीत इंजिन थंड ठेवायला खाडीच होती. पंप एकीकडून पाणी ओढायचा, दुसरीकडून सोडायचा. गाडीत खाडी नाही, म्हणून त्याने तिथे एका टेम्पोचा रेडिएटर बसवला आणि पंप फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "आता याचं काम नाय. यात फक्त नळाचं पाणी. मी भरलंय, तुम्ही झाकण उघडू नका." हे त्याने मला स्पष्ट सांगितले होते. मी ऐकले नाही असे म्हणायला मला जागा नाही.

दसऱ्याच्या आधी गाडी घरी आणली. दुपारी कोळीवाड्याच्या गल्लीत शिरलो, तर जनाबाई टोपली घेऊन दारात आलेली. आम्हाला गाडीतून उतरताना बघून ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "मला वाटलं होडी लागली."

त्याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणा मेकॅनिकला मिळाले असेल तर मला दाखवावे. त्या इंजिनाचा आवाज त्याने तसाच राखला होता. गोमाजीसह पाच होडीवाल्यांनी दोन वर्षे ती चालताना बघून ठरवले की त्यांचीही पडलेली इंजिने गुणाजीकडे द्यायची. त्याने शेड वाढवायला पत्रे आणून ठेवले.

कलम ५. हे कलम सावकाश वाचावे. वाचताना कोणी मधे उठू नये.

मला गाडीची काळजी वाटे. इंजिन तापत नव्हते, तरी मी सारखा बॉनेटवर हात ठेवून बघे. विठ्ठलवाडीला जाता-येता मुंब्र्याला रेतीबंदरावर रस्ता खाडीला अगदी लागून जातो. तिथे मी थांबू लागलो. फडके धरून झाकण उघडायचो आणि डब्याने खाडीचे पाणी घालायचो. मला वाटे, नळाच्या पाण्यात पावडर असते, ती लोखंडाला बाधेल. हे इंजिन अकरा वर्षे खाडी पिऊन चालले, त्याला त्याच्या घरचे पाणी द्यावे. माहेरची वस्तू पोचवल्यासारखे मला बरे वाटायचे. होडीतले पाणी आले तसे निघून जाते, आणि गाडीतले तिथेच राहून तापते, आटते आणि मीठ मागे टाकते, हे मला सुचले नाही. मिठागरातल्या कोणत्याही पोराला ते सुचले असते. मी अडीच वर्षे माझ्या गाडीत मीठ पिकवत होतो.

मे १९८९ मध्ये पंढरीचे लग्न कल्याणला होते. नवरदेव फुले लावलेल्या फियाटमध्ये. रेतीबंदरावर मी उतरून डबाभर पाणी घातले. शिळफाट्याच्या पुढे बॉनेटमधून वाफ आली, इंजिन एकदा कण्हले आणि जाम झाले. पंढरी मुंडावळ्यांसकट मासळीच्या टेम्पोत बर्फाच्या पेट्यांवर बसून मांडवात पोचला. व्याह्यांकडचे कोणी म्हणाले, नवरा ताजा राहावा म्हणून बर्फात घालून आणला. सगळे हसले.

मला ते सहन झाले नाही. भर मांडवात मी गुणाजीला म्हणालो, "मीठ तुडवणाऱ्याच्या हातात इंजिन दिलं, ही माझी चूक."

मंजुळा म्हणाली, "बाबा, काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?" मी म्हणालो, कळतंय. मुहूर्त होईपर्यंत गुणाजी थांबला, अक्षता टाकल्या, आणि न जेवता शिळफाट्याला गाडीपाशी गेला.

तिसऱ्या दिवशी मी गोमाजीला आणि आणखी एका होडीवाल्याला घेऊन शेडवर गेलो, त्याची चूक साक्षीदारांसमोर दाखवावी म्हणून. इंजिन उघडून ठेवलेले होते. मी पुढे होतो, हे दोघे दाराशी. आतल्या पाण्याच्या वाटा पांढऱ्या झालेल्या मी बघितल्या. गुणाजीने नखाने थोडे खरवडले आणि जिभेवर ठेवले. आगऱ्याला ते ओळखायला दुसरी चव लागत नाही. त्याने वर माझ्याकडे बघितले. मग हातातले फडके त्या पांढऱ्यावर टाकले.

गोमाजीने दारातून विचारले, काय झाले होते.

"गॅसकेट गेली," गुणाजी म्हणाला. "माझंच चुकलं."

मी तेव्हा बोलायला हवे होते. दोन पावलांवर गोमाजी होता. मी म्हणालो, चला, उन्हे चढली.

पाचही होडीवाल्यांनी त्याच्याकडे इंजिने दिली नाहीत. शेडचे पत्रे बाहेर उभे राहून गंजले. महिन्याभराने गुणाजीने गाडी गल्लीच्या तोंडाशी आणून लावली, किल्ली जनाबाईच्या हातात दिली आणि चहाला न थांबता गेला. रेडिएटरच्या झाकणाला त्याने तारेचा पीळ दिला होता. डिकीत पट्टीने बांधलेला एक प्लास्टिकचा कॅन होता, त्यावर लाल रंगाने लिहिलेले, "फक्त नळाचे". घरात कोणाला त्यात विशेष वाटले नाही. मला तो कॅन रोज दिसतो.

जनाबाई गेली तेव्हा तो स्मशानात आला, मागे उभा राहिला आणि मागूनच गेला. तिला मी हे सांगितले नाही. हे ऐकायला ती असती तर तिने मला घरात ठेवले नसते.

म्हणून मी लिहून देतो की, गाडी बंद पडली ती माझ्या हाताने, खाडीच्या पाण्याने. गुणाजी भोईर यांच्या कामात तेव्हा दोष नव्हता आणि आजही नाही. ज्या इंजिनाचे त्याने वाटोळे केले असे मी सांगितले, ते त्याने जाम झालेले सोडवून दिले आणि ते आज सात वर्षे सकाळी अर्ध्या फेऱ्यात सुरू होते. मीठ तुडवणारा असे मी म्हणालो. मीठ ओळखणारा म्हणायला हवे होते, आणि ओळखून गप्प बसणारा. माझ्या बाराव्याच्या पंगतीला पाने मांडल्यावर, वाढण्याआधी, हे कलम मोठ्याने वाचावे. मांडवात होते ते सगळे असावेत.

कलम ६. गाडी, इंजिन, फडक्यातला पंप आणि आरसी बुक गुणाजी जोमा भोईर यांना. त्यांनी गाडी विकली तरी चालेल, पण विकणार नाहीत असे वाटते. पंढरीने हरकत घेऊ नये. त्याला बर्फावर बसावे लागले त्याबद्दल मी इथे त्याची माफी मागतो.

ठाणे, ११ नोव्हेंबर १९९६.

पुरवणी. वरील कागद सोमवारी लिहून पुरा झाला आणि सहीसाठी साक्षीदारांना वाचून दाखवला. गोमाजीने कलम पाच मला दोनदा वाचायला लावले. मग म्हणाला, "दाम्या, म्हणजे माझं इंजिन सात वर्षं फुकट गंजलं." नांगराचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. कलावतीबाईंनी चष्मा पुसला आणि एवढेच विचारले, "हे ऐकवायला तुम्ही मरायची वाट का बघताय?"

बाराव्याला पाऊस पडला तर, पंढरीला कागद सापडला नाही तर, गुणाजी आलाच नाही तर, असे मनात येत राहिले. म्हणून आज गुरुवारी सकाळी गाडी काढली. गोमाजी पुढे बसला, कलावतीबाई मागे, मी अडखळलो तर पुढचे वाचायला. रेतीबंदर आले तेव्हा मी खिडकीतून दुसरीकडे बघितले.

गुणाजी एका जीपखाली होता. मी त्याला बाहेर ये म्हणालो नाही. त्याचे तोंड दिसत नव्हते, ते मला बरे पडले. त्याचे पाय दिसत होते, त्यांना मी कलम पाच पहिल्या ओळीपासून वाचून दाखवले. मंजुळा मागच्या खोलीतून येऊन उभी राहिली. पान्याचा आवाज कधी थांबला ते कळले नाही. "गॅसकेट गेली" या ओळीला मला पुढे वाचता येईना. कलावतीबाईंनी हात पुढे केला, मी दिला नाही. थांबून मीच वाचले.

वाचून झाले तरी पाय तसेच राहिले. मग गुणाजी सरकत बाहेर आला, हात पुसले, आणि माझ्याकडे न बघता गाडीपाशी गेला. तारेचा पीळ सोडला, फडके धरून झाकण उघडले, झाकणाला लागलेले पाणी बोटावर घेतले आणि जिभेला लावले.

"अळणी हाय," तो म्हणाला. "मामा, चहा घ्या."

मंजुळा म्हणाली, "बाबा, बसा ना. उभे का?" चहा तिने आधी मला दिला. गोमाजीने कप खाली ठेवण्याआधी विचारून घेतले की त्याचे इंजिन अजून उघडण्यासारखे असेल का. गुणाजीने त्याला एकच विचारले, आत पाणी कोणते राहिले होते.

सबब कलम पाच माझ्या बाराव्याला वाचण्याची अट तशीच ठेवतो, कारण मांडवात माणसे जास्त होती आणि शेडमध्ये आज तीनच आली. बाकीची कलमे कायम. कलम १ मधल्या किल्लीची जागा रद्द. किल्ली आज मंजुळेला हातात दिली.

हा मजकूर इथेच, शेडमधल्या खोक्यावर बसून लिहिला. कोणी शंका घेऊ नये म्हणून सहीसोबत डाव्या हाताचा अंगठा उमटवत आहे. शाईची पेटी आणायला विसरलो. गुणाजीने ग्रीसचा डबा पुढे केला.

लिहून देणार : दामाजी नामा कोळी (सही व अंगठा)

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत सही झाली :
१. गोमाजी हिरा नाखवा, चेंदणी कोळीवाडा, ठाणे. (सही)
२. कलावती ठाणेकर, निवृत्त शिक्षिका, चेंदणी, ठाणे. (सही)

स्थळ : गुणाजी जोमा भोईर यांची शेड, विठ्ठलवाडी.
तारीख : १४ नोव्हेंबर १९९६.